खिडकी उघडते : होय

वेल्टन गावात दानशूर माणसं फार नव्हती. एकच होता, लोखंडी सामानाचा दुकानदार गेलॉर्ड स्टुट्झ. काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांची घरं त्याने कवडीमोलाने उचलली, बावीस की तेवीस. त्यांतलं एखादं पार खिळखिळं झालं, भाडेकरू मिळेनासा झाला, की तो ते गावच्या फायर कंपनीला, आग विझवणाऱ्या पथकाला, दान करायचा. दान म्हणजे काय, तर ‘या, माझं घर जाळा, आणि जाळता जाळता शिका’. त्याचा घर पाडायचा खर्च वाचायचा, मलबा उचलायचा खर्च वाचायचा, करात सूट मिळायची आणि वर दोनशे लोकांसमोर आभाराची पितळी पाटी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसंच हे. फक्त इथे बायजीचा फोटोही पेपरात यायचा.

ऑरिन पाव्लिक हा त्या कंपनीचा ट्रेनिंग कॅप्टन. पगार नाही, पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरपट्ट्यात आग विझवायचा पगार कुणालाच नसे, भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं. पोटासाठी तो शाळेची बस चालवायचा, सत्तावीस वर्षं. निम्मं गाव त्याच्या बसमध्ये ओकलं होतं, रडलं होतं, प्रेमात पडलं होतं. माणूस सरळ, कामाला वाघ, पण तोंडाने मुका. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो खिशातले हात आणखी खोल घालायचा. असल्या माणसाला गाव भला म्हणतं. भलेपणा आणि गप्प बसणं यांत फरक असतो, तो गावाला दिसत नाही आणि त्या माणसालाही वेळेवर दिसत नाही.

त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरमध्ये स्टुट्झने सिंडर स्ट्रीटवरचं सोळा नंबरचं घर दिलं. एकमजली, पांढरं, चार खोल्यांचं. रविवारी तीन गावांच्या कंपन्या येणार होत्या, चाळीसेक माणसं. शनिवारी सकाळी ऑरिन स्क्रूड्रायव्हर, मेणबत्ती आणि कॉफीचा एक रिकामा डबा घेऊन तिथे एकटाच गेला.

जाळायच्या घराची जेवढी काळजी घेतात, तेवढी राहत्या घराची कुणी घेत नाही. वीज तोडायची, गॅस तोडायचा, सैल फरशा ठोकायच्या, छताला धूर जायला भोक पाडायचं, जिन्याची प्रत्येक पायरी नाचून बघायची. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. दार अडलं तर खिडकी. खिडकी नुसती उघडून चालत नाही, ती धुरात, हातमोजा घातलेल्या हाताने, आंधळ्याला उघडता आली पाहिजे. म्हणून ऑरिन खिडकीच्या दोन्ही खाचांना मेणबत्ती घासायचा. मग जडातली जड खिडकीही एका बोटाने वर जायची. ही त्याची खास युक्ती, तिन्ही गावांत प्रसिद्ध.

पुढच्या खोलीची खिडकी हलेना. त्याला वाटलं, रंगाने चिकटली असेल. चाकूने खरवडली तेव्हा रंगाखाली पुट्टी लागली आणि पुट्टीखाली स्क्रूचं डोकं. तीन इंची स्क्रू, डावीकडे तीन, उजवीकडे तीन, आरपार चौकटीत घुसवलेले.

“तुझ्या तर,” ऑरिन स्वतःशीच म्हणाला आणि कामाला लागला.

कारण त्याला ठाऊक होतं. स्टुट्झच्या भाड्यात गॅस धरलेला असे. भाडेकरूने हिवाळ्यात खिडकी किलकिली केली तर त्याचा गॅस जळायचा. म्हणून त्याने खिडक्याच कायमच्या बंद करून टाकल्या होत्या. एका खिडकीला चार मिनिटं लागत होती. ऑरिनने पुढच्या खोलीतल्या तिन्ही केल्या, स्वयंपाकघरातल्या दोन केल्या, स्क्रू डब्यात टाकत गेला. सवयीचं काम, हात चालतात, डोकं चालत नाही. डबा अर्धा भरला तेव्हा तो मागच्या खोलीत आला, तिथल्या खिडकीचा रंग खरवडला, पहिल्या स्क्रूवर हत्यार टेकवलं आणि काचेतून बाहेर बघितलं.

बाहेर चौदा नंबरची मोकळी जागा होती. गवत गुडघाभर वाढलं होतं.

चौदा आणि सोळा एकाच साच्यातली घरं. मालक एक, रंग एक, खोल्या एकासारख्या एक. चौदा नंबरात डार्ला कुबियाक राहायची, दोन मुलांना घेऊन. गेल्या फेब्रुवारीत पहाटेच्या सुमारास स्वयंपाकघराला आग लागली. मोठा मुलगा, नऊ वर्षांचा कोडी, त्या दिवशी आजीकडे होता. डार्ला पुढच्या खोलीत कोचावर झोपली होती आणि चार वर्षांची टेसा मागच्या खोलीत. मधला रस्ता आगीने खाल्लेला. डार्ला बर्फातून पायमोज्यांवर धावत मागे गेली. पुढचं तिने सगळ्यांना सांगितलं, शेरीफला, तपासणीवाल्याला, पाद्रीला, दुकानात भेटेल त्याला, की खिडकी उघडली नाही. तिने काचा फोडल्या, पण त्या खिडकीला उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्या होत्या, एकेक काच वहीएवढी. दोन्ही हात कोपरापर्यंत कापले. मूल आतून खोकताना तिला ऐकू येत होतं.

बंब पोचला तेव्हा ऑरिननेच तिला बाजूला सारलं आणि कुऱ्हाडीने खिडकी चौकटीसकट आत पाडली. टेसाला बाहेरही त्यानेच आणलं. उपयोग नव्हता.

तपासणीवाला दुसऱ्या दिवशी आला, वीस मिनिटं फिरला. त्याने ऑरिनला विचारलं, “खिडकी बंद केलेली होती का?”

“मी बघितलं नाही. कुऱ्हाड घातली,” ऑरिन म्हणाला. ते खरंच होतं. अहवालात आलं की खिडकी उघडण्यास काही अडथळा आढळला नाही. नवव्या दिवशी स्टुट्झने बुलडोझर लावून राख-चौकट सगळं उचलून नेलं.

आणि मग गावाची जीभ सुटली. खिडकी वर ढकलायची सोडून काचा फोडत बसली म्हणे! शुद्धीवर असेल तर ना! स्वतः आधी पळाली बघा. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, इथे तर घर जळलं होतं. डार्लाचा नवरा केव्हाच टेक्सासला पळाला होता. त्याची आई ॲग्नेस कोर्टात गेली आणि कोडीला आपल्याकडे ठेवून घेतलं, बेपर्वा आईच्या हाती मूल नको म्हणून. येत्या गुरुवारी त्याचीच तारीख होती, कोडी आईकडे परत जायचा की आजीकडेच राहायचा. आणि त्या खटल्यात सगळं येऊन अडत होतं ते एकाच गोष्टीवर, खिडकी उघडत होती की नव्हती.

ऑरिन मागच्या खोलीच्या फरशीवर बसला. त्याच्यासमोर रंगाआड सहा स्क्रू होते. सगळ्या जगात डार्लाच्या बाजूने बोलणारी माणसं म्हणजे हे असले स्क्रूच, असं त्याला वाटलं. मग डब्याकडे लक्ष गेलं आणि कळलं की तीस जणांचं तोंड तो सकाळपासून स्वतःच बंद करत आला होता.

तो स्क्रूड्रायव्हर तिथेच टाकून बंबखान्यात गेला. चीफ डेनी क्राल पाण्याची होज गुंडाळत होता. दोघं एका बाकावर शिकलेले.

“डेनी, उद्याचं रद्द कर.”

“का रे? पाऊस आहे?”

“सोळा नंबरच्या सगळ्या खिडक्या स्क्रूने बंद आहेत. वर पुट्टी, वर रंग. चौदा नंबरलाही तेच असणार. डार्ला खरं बोलत होती.”

डेनीने होज खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

“असणार,” तो म्हणाला. “असणार म्हणजे काय, ऑरिन? ते वेगळं घर. वकील तुला तिथल्या तिथे सोलेल.”

“साचा एक, मालक एक...”

“ऐक माझं. दोन वर्षांनी खरं घर मिळालंय. आपल्यातल्या अकरा जणांनी आतून आग बघितलेलीच नाही. जानेवारीत त्यांना एखाद्या घरात पाठवायचं आणि मग त्यांच्या बायकांना काय सांगायचं, कॅप्टनला खिडकीचा पुळका आला होता म्हणून? आणि आज स्टुट्झला चिडवलंस तर पुढचं घर देईल तो? त्याच्याकडे अजून दोन पडीक आहेत.”

“मग निदान मागची खोली तशीच ठेवू. तिथे कुणाला पाठवायचं नाही.”

“तिसरा सराव तिथेच आहे. खिडकीतून शिरून मूल काढायचं. तो आराखडा कुणी केला? तू केलास, महिन्यापूर्वी, तिन्ही कंपन्यांना पाठवलास.” डेनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ, खिडकी उघड नाहीतर सराव रद्द कर, तू ट्रेनिंग कॅप्टन, सही तुझी. पण मला विचारशील तर खिडकी उघड, स्क्रू खिशात ठेव आणि गुरुवारी कोर्टात जाऊन सगळं सांग. तुझ्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार? सगळ्या गावाला तू बसमधून नेलंयस.”

हा सल्ला ऑरिनला आवडला. त्यात गुरुवारी बोलायचं होतं, आज नाही.

त्याने परत जाऊन खिडकी उघडली. सहा स्क्रू. मग सवयीने दोन्ही खाचांना मेणबत्ती घासली, वर, खाली, पुन्हा वर. खिडकी बोटावर नाचायला लागली तेव्हा थांबला. उरलेल्या तीनही केल्या. शेवटी फळीवर कागद ठेवून तक्ता भरला. तक्ता छापील होता, वरून आलेला. प्रत्येक खिडकीपुढे एकच प्रश्न, ‘खिडकी उघडते?’ आणि त्यापुढे होय-नाहीचे दोन चौकोन. आधी उघडत होती का, कशाने बंद होती, किती स्क्रू निघाले, हे विचारायचं छापणाऱ्याला सुचलं नव्हतं. माणूस आत शिरायच्या क्षणी उघडते ना, एवढंच त्यांच्या धंद्यात महत्त्वाचं. ऑरिनने नऊ वेळा ‘होय’वर खूण केली आणि खाली सही केली. खोटं काहीच नव्हतं, उघडत होत्याच.

जाता जाता तो मुख्य रस्त्यावरच्या धुलाईच्या दुकानाशी थांबला. डार्ला तिथे कामाला होती. काचेतून दिसत होती, कुणाच्या तरी चादरी घड्या घालत होती, हातांवरचे पांढरे वण बाह्यांखाली झाकून. आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. ‘पोरी, स्क्रू सापडले. तू खरं बोलत होतीस.’ यापेक्षा जास्त काही नाही. तो बसमध्ये बसल्यासारखा गाडीत दोन्ही हात चाकावर ठेवून दहा मिनिटं बसला. मग त्याला वाटलं, गुरुवारी सगळं एकदमच सांगू, आत्ता तिला कशाला आशा लावा. मूग गिळायला माणसाला कारण लागतं, आणि चांगलं कारण कधीही सापडतं. तो घरी गेला आणि बायकोने केलेले कोबी-नूडल्स जेवला.

रविवारी अख्खं गाव लोटलं. बायकांच्या मंडळाने हॅमचे सँडविच आणि सायडर मांडलं होतं. लोकांनी घरून घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, आणि त्या मांडायला ऐसपैस जागा कुठली, तर चौदा नंबरची. कुणीतरी आदल्या संध्याकाळी गवत कापून ठेवलं होतं. शेवटची मोठी आग लावायच्या वेळी सगळ्यांना रस्त्यापलीकडे हलवायचं होतं, तोवर तिथून मागची खोली आणि तिची खिडकी समोर स्वच्छ दिसत होती. नाटकाला पहिली रांग मिळावी तसे लोक खूश होते.

डेनीने कर्णा हातात घेऊन स्टुट्झचे आभार मानले. स्टुट्झ हॅट काढून उभा राहिला, पाटी घेतली आणि म्हणाला, “हे घर एखाद्याचा जीव वाचवायला कामी आलं तर मला सगळं मिळालं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑरिन छातीवर स्टॉपवॉच अडकवून खिडकीपासून पंधरा पावलांवर उभा होता. त्याच्या कोटाच्या खिशात मागच्या खिडकीचे सहा स्क्रू होते, बाकीचा डबा गाडीत.

पहिला सराव झाला, दुसरा झाला. ओल्या गवताच्या पेंढ्या पेटवून आत धूर भरला होता. तेवढ्यात ऑरिनला दोरीपलीकडे डार्ला दिसली. धुलाईच्या दुकानाचा निळा डगला घालून ती खुर्च्यांच्या मागे एकटी उभी होती. तमाशा बघायला आली नव्हती. कुणीतरी तिला सांगितलं असणार, तुझ्या घराच्या जागेवर लोक खुर्च्या मांडून बसलेत. तिच्याजवळच्या खुर्च्या हळूच दोन-दोन हात दूर सरकल्या.

ऑरिन डेनीकडे धावला. “तिसरा सराव नको. सरळ आग लाव.”

“काय झालं?”

“ती आलीय.”

डेनीने तिकडे बघितलं, तोंड वाकडं केलं. “अरे बाबा, आता? हार्लो गावची माणसं दहा मैलांवरून आलीत, खिडकीशी मुखवटे लावून उभी आहेत. जा, जागेवर जा.” आणि त्याने शिट्टी फुंकली.

हार्लो कंपनीचा एक धिप्पाड गडी खिडकीशी धावला. त्याने हातमोजा घातलेला पंजा चौकटीखाली लावला आणि खिडकी सपकन वर गेली, अशी की त्यालाच नवल वाटलं. तो आत घुसला, धुरात दिसेनासा झाला आणि परत आला तो हातावर बाहुला घेऊन. लहान मुलाच्या मापाचा, कॅनव्हासचा, वाळू भरलेला. बाहेरच्याने तो झेलला आणि छातीशी धरून गवतावर आणून ठेवला.

वेळ सांगायचं काम ऑरिनचं होतं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याने तोंड उघडलं. तेवढा एक क्षण त्याच्या हातात होता, दोनशे माणसं गप्प होऊन त्याच्याचकडे बघत होती, आणि काय बोलायचं ते त्याला माहीत होतं. खिशात पुरावा होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या बोलण्याची कुणीतरी वाट बघत होतं.

“अकरा सेकंद!” तो ओरडला.

टाळ्या कडाडल्या. मग त्या विरल्या आणि एकेक करून माना मागे वळल्या.

“एका हाताने उघडली की!” पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली. आवाज हळूच होता, पण अशा आवाजाला दूरवर ऐकू जायची कला असते.

“अकरा सेकंद,” दुसरं कुणी म्हणालं. “आणि ही म्हणे...”

स्टुट्झने पाटी कोटाच्या बाहीने पुसली. “माझ्या सगळ्या खिडक्या अशाच आहेत,” तो जवळजवळ मायेने म्हणाला. “बिचारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं त्या वेळी. मी तर कधीच तिला दोष दिला नाही.”

डार्ला त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. तिचे हात छातीच्या उंचीला आले होते, तळवे वर, चौकटीखाली लावतात तसे. स्वतःच्याच हातांवर तिचा विश्वास उडाला असावा असा तिचा चेहरा झाला, आणि ती निघाली.

ऑरिनने तिला कोपऱ्यावर गाठलं. त्याला धाप लागली होती. त्याने खिशातून सहा स्क्रू काढून तळहातावर धरले.

“डार्ला, थांब पोरी. हे बघ. त्या खिडकीचे आहेत. मी काल काढले. सगळ्या खिडक्यांना होते, रंगाखाली. तू खरं बोलत होतीस.”

तिने एक स्क्रू उचलला, फिरवून बघितला.

“काल काढलेत?”

“हो. नियम आहे. आमची माणसं आत जाणार होती...”

“किती वेळ लागला, मिस्टर पाव्लिक?”

“एका खिडकीला... चार मिनिटं.”

“चार मिनिटं,” ती म्हणाली. “आणि तुमच्या गड्यांच्या हाताला मेहनत पडू नये म्हणून मेणपण लावलं असेल. शाळेच्या बसच्या खिडक्यांना लावायचात, आठवतंय मला.”

ऑरिनने मान खाली घातली.

“मला आधी बोलावलं असतंत तर? नुसती दाखवली असती, बंद असताना. एका माणसाला घेऊन आले असते मी. पाद्रीला आणलं असतं.”

“गुरुवारी मी कोर्टात सांगतो. शपथेवर सांगतो.”

“कागदावर काय लिहिलंय? तुमच्या त्या तक्त्यात?”

ऑरिनची नजर सोळा नंबरकडे वळली.

“मला वाटलंच,” डार्ला म्हणाली. तिने स्क्रू त्याच्या हातावर परत ठेवला. “हे खिडकीत होते तोवर साक्षीदार होते, मिस्टर पाव्लिक. तुमच्या खिशात आले की नुसते स्क्रू. स्टुट्झच्या दुकानात डझनाने मिळतात.”

मागे डेनीची शिट्टी वाजली. मोठ्या आगीची वेळ झाली होती. सोळा नंबरचं घर चाळीस मिनिटांत बसलं, आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की इतका सुंदर सराव वेल्टनमध्ये झाला नव्हता.

गुरुवारी ऑरिन लग्नातला कोट घालून कोर्टात गेला आणि खरंच बोलला. अडखळत, पण सगळं बोलला, आणि डबा टेबलावर ठेवला. वरातीमागून निघालेलं घोडंही इतकं उशिरा निघत नाही. ॲग्नेसच्या वकिलाने त्याला छळलं नाही, आवाजही चढवला नाही. त्याने फक्त बंबखान्यातून मागवलेला कागद पुढे केला.

“ही सही तुमची?”

“माझीच.”

“मागची खोली, पूर्वेची खिडकी. ‘खिडकी उघडते?’ यापुढे काय खूण आहे, मोठ्याने वाचता का?”

“होय,” ऑरिनने वाचलं. “पण ते मी स्क्रू काढल्यावर...”

“स्क्रू निघाले याची नोंद आहे कुठे या कागदावर?”

“तसा चौकोन नाही त्यात.”

“रविवारी ही खिडकी उघडताना किती लोकांनी पाहिली?”

“दोनशे.”

“आणि स्क्रूने बंद असलेली तुमच्याशिवाय किती लोकांनी?”

ऑरिनने डेनीकडे बघितलं. डेनी मागच्या बाकावर बसला होता. त्यानेही स्क्रू पाहिले नव्हते, फक्त ऐकलं होतं, आणि तो बुटांकडे बघत होता. स्टुट्झच्या दुसऱ्या घरांत शिरून बघायचा हक्क कुणाला नव्हता, आणि त्याचे भाडेकरू डोक्यावरचं छप्पर घालवून साक्षीला येणार नव्हते. न्यायाधीश बाई ऑरिनला भल्या वाटल्या. त्या त्याच्याशी हळुवार बोलल्या, त्याने टेसाला हातांवर आणलं होतं, ते मनातून जात नसेल हे आपण समजू शकतो असं म्हणाल्या. कोडी आणखी एक वर्ष आजीकडे, महिन्यातून दोन शनिवार आईला भेट. डार्ला उठली, डगल्याची बटणं लावली आणि कुणाकडेही न बघता गेली.

शुक्रवारी दुपारी बस नेहमीसारखी भरली. कोडी कुबियाक ऑरिनच्या मागच्याच सीटवर बसायचा, खिडकीशी. कारखान्याचं वळण गेल्यावर तो पुढे वाकला.

“मिस्टर पाव्लिक, ती खिडकी एका हाताने उघडली ना?”

“कोडी, त्या खिडकीला सहा स्क्रू होते. आदल्या दिवशी मी काढले. तुमच्या घरच्या खिडकीलाही तसेच होते, तुझ्या आईला ती उघडणं शक्यच नव्हतं. कुणालाच उघडता आली नसती. मलाही नसती.”

एवढं एका दमात ऑरिन बसमध्ये कधी बोलला नव्हता. त्याने आरशात बघितलं. पोरगा विचार करत होता.

“आजी म्हणाली, तुम्ही असंच सांगाल,” कोडी म्हणाला. “ती म्हणते, तुम्ही फार चांगले आहात. आईला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही कोर्टातपण सांगितलंत.”

“अरे, खरं आहे ते.”

“हो,” पोरगा समजूतदारपणे म्हणाला, मोठ्या माणसाची समजूत घालतात तसा. “माझा थांबा आला.”

ॲग्नेस फाटकाशी स्वेटर खांद्यावर टाकून उभी होती. तिने ऑरिनला हात केला. ऑरिनने दांडा ओढून दार उघडलं, कोडी दप्तर सावरत उतरला, आणि मागची गाडी भोंगा वाजवेपर्यंत बस तिथेच उभी होती.